माल दुसऱ्याच्या कारखान्यात, जीव टांगणीला: बाहेर दिलेल्या कामात विश्वास कसा उभा राहतो

पुण्यातला एखादा सुक्यामेव्याचा ब्रँडवाला कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या कारखान्यात काजू बी पाठवतो. बी उकडून, फोडून, सोलून, प्रतवारी करून, पाऊच भरून माल परत जातो. बी त्याची, काजूगरही त्याचाच. कारखान्याला मिळते ती किलोमागची मजुरी. आपल्याकडे याला जॉब वर्क म्हणतात. रत्नागिरीत दुसऱ्याच्या लेबलखाली आमरसाचे डबे भरून देणारे कॅनिंगवाले हेच करतात. चिपळुणात बसून मुंबईच्या सीए ऑफिसची जीएसटी रिटर्न्स भरणारी मुलंमुलीही हेच करतात, फक्त त्यांच्याकडे बीऐवजी बिलं येतात. मोठ्या कंपन्यांच्या भाषेत हे सगळं आउटसोर्सिंग.

हा व्यवहार विश्वासावर चालतो, हे सगळेच सांगतात. विश्वास नेमका कशाचा आणि तो तयार कसा करायचा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ‘माणसं चांगली आहेत’ एवढ्यावर बोलणं थांबतं. अशा कारखान्यांचे करार आणि मालासोबत जाणारी चलनं बघण्याचं काम मी करतो, आणि माझं मत आता पक्कं झालंय. दोघांत विश्वास आहे की नाही हे ओळखायची खूण एकच: वाईट बातमी एकाकडून दुसऱ्याकडे किती लवकर पोचते. करार, तपासणी, वेळेवर पैसे ही सगळी खटपट ती बातमी दडपली जाऊ नये म्हणून करायची.

आधी पैशाची बाजू बघू. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता: बाजारात सगळं विकत मिळतं, तर कंपन्या मुळात लागतात कशाला? त्याचं उत्तर असं, की बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो. माणूस शोधा, दर ठरवा, करार करा, माल तपासा, वाद झाला तर निस्तरा. हा खर्च धरूनही बाहेरचं काम स्वस्त पडत असेल तरच ते बाहेर द्यावं. कोसला १९९१ मध्ये नोबेल मिळालं, त्यात या विचाराचा मोठा वाटा आहे. आपले ब्रँडवाले मात्र किलोमागचा दर तेवढा बघतात. मग संशय आला की दर आठवड्याला माणूस कुडाळला पाठवायचा, त्याचं जाणं-येणं, लॉजचं भाडं, परत आलेला माल पुन्हा निवडायचा, फोनवर तासन्‌तास वाद घालायचे. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, पण जातो खिशातूनच.

भांडण उताऱ्यावरून होतं

काजूत वाद पेटतो तो उताऱ्यावर. दिलेल्या बीतून किती गर निघाला, तो उतारा. ढोबळ हिशेब चार किलो बीला एक किलो गर असा धरतात. पण बी कुठली, किती जुनी, किती ओली यावर तो खालीवर होतो. वेंगुर्ल्याच्या कलमांची बी वेगळी, आफ्रिकेतून आयात केलेली वेगळी.

समजा शेठने, म्हणजे ब्रँडवाल्याने, दोन टन बी पाठवली. त्यांच्या हिशेबाने पाचशे किलो गर यायला हवा, आला चारशे साठ. शेठच्या डोक्यात लगेच येतं, चाळीस किलो गेला कुठे? इकडे कारखानदार म्हणतो, ओली बी दिली, गोणीत वजन पाण्याचं होतं आणि चोर मी ठरतोय. दोघंही खरं बोलत असू शकतात. ते सिद्ध करायला दोघांकडेही काही नसतं, हीच खरी अडचण.

एका बाजूला जास्त माहिती आणि दुसऱ्या बाजूला कमी, असं झालं की बाजार कसा नासतो हे जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये दाखवलं. घेणाऱ्याला चांगला-वाईट ओळखता येत नसला की तो सगळ्यांनाच मधला दर देतो. त्या दरात चांगल्याला परवडत नाही, तो बाजूला होतो, आणि उरतो तो वाईट माल. जॉब वर्कमध्ये हेच होतं. चोख काम करणाऱ्यालाही संशयाचाच दर मिळाला, तर तो एक तर धंदा बदलतो, नाही तर इतरांसारखा वागायला लागतो.

उपाय फार मोठा नाही, आणि तो गाडी उतरतानाच करायचा असतो. वेगवेगळ्या गोणींतून मूठ-मूठ बी काढायची, मिसळायची आणि त्यातली एक किलो वजन करून घ्यायची. किलोत किती बिया बसल्या ते मोजायचं. मग त्या बिया तिथल्या तिथे कापायच्या. भरलेला गर एकीकडे. चिमलेला, किडका, काळा पडलेला दुसरीकडे. दोन्हींचं वजन करायचं. मीटरने ओलावा बघायचा. शेठचा माणूस समोर असला तर उत्तम, नसला तर व्हिडिओ कॉलवर. आकडे चलनाच्या मागे लिहून दोघांच्या सह्या. त्या गाडीचा अपेक्षित उतारा त्या नमुन्यावरून ठरवायचा आणि किती कमीजास्त चालेल तेही तेव्हाच लिहायचं. एवढं केलं, की उतारा कमी पडल्यावर बोलणं बॉयलरच्या वाफेवर येतं, फोडताना किती गर फुटला यावर येतं, बोरम्यात, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत, माल जास्त वेळ राहिला का यावर येतं. कुणाच्या प्रामाणिकपणावर येत नाही.

हे बघणं एकदा तरी अनुभवावं असं असतं. बिया कापायला बसेपर्यंत दोन्हीकडचे चेहरे ताठ असतात. गर ताटलीत पडायला लागला, की ‘हा बघा, हा सुकाच निघाला’ असं दोघंही एकमेकांना दाखवू लागतात.

पुढचा प्रश्न प्रतीचा. ‘चांगला माल’ हे शब्द करारात कधीच लिहू नयेत. काजूत मोजमाप तयार आहे: डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू १८० त्याहून मोठा आणि महाग. अख्खा किती टक्के, पाकळी किती, तुकडा किती, ओलावा किती, हे आकड्यांत लिहावं. टरफल कुणाचं, हेही लिहावं. टरफलाचं तेल निघतं, त्याला गिऱ्हाईक असतं, आणि करारात त्याचा उल्लेख नसला की पहिल्याच हंगामात दोघंही त्यावर हक्क सांगतात.

एक गोष्ट मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. काजू सोलण्याचं काम आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात आणि मजुरी किलोवर असते. शेठने दर कापला, की कारखानदार सोलणीचा दर कापतो. मग घर चालवायला त्या बाईला हात भरभर चालवावा लागतो आणि गर फुटतो. बेंग्ट होल्मस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञाने हेच मांडलं आहे: ज्याचं मोजमाप करून पैसे द्याल, माणूस तेवढ्यावरच जोर लावेल आणि न मोजलेलं मागे पडेल. म्हणून अख्ख्या गराला वरचा दर ठेवावा, आणि तो सोलणाऱ्या बाईच्या हातात पडतो का हे शेठने स्वतः विचारावं. ‘तो त्यांचा अंतर्गत मामला’ म्हणून हात झटकणाऱ्यांना तुकडाच मिळतो.

कागदावर काय असावं

जीएसटी कायद्यात जॉब वर्कची वेगळी सोय आहे. नोंदणीकृत मालकाला कच्चा माल कर न भरता डिलिव्हरी चलनावर कारखान्यात पाठवता येतो, पण तो एका वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच पुढे विकला जायला हवा. नाहीतर ज्या दिवशी माल पाठवला त्याच दिवशी तो विकला, असं धरून कर लागतो. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची आहे. म्हणून चलनांची वही दोन्हीकडे सारखी हवी. महिन्यातून एकदा दोन्ही वह्या लावून बघणं, हे विश्वास टिकवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन.

त्याहून जुना कायदा १८७२ चा, भारतीय करार कायदा. दुसऱ्याचा माल ताब्यात असलेल्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असं तो सांगतो. आणि ज्याने त्या मालावर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्कही देतो. करारात उलट काही लिहिलं नसेल तर. हे कलम अनेक कारखानदारांना माहीत नसतं. सही करताना आपण तो हक्क सोडून देतोय का, हे बघावं.

विम्याकडे तर दोघांचंही दुर्लक्ष होतं. दुसऱ्याचा माल आपल्या गोडाऊनमध्ये असेल तर तो पॉलिसीत वेगळा दाखवावा लागतो. नुसता ‘गोडाऊनमधला साठा’ लिहून भागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दिवशी ज्यांच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्याचा माल होता, त्यांना हा फरक काय असतो ते सांगायला नको.

करारात न मावणारं

एवढं सगळं लिहिलं तरी करार पुरा होत नाही. कुठलाच करार पुरा नसतो, कारण पुढे काय घडेल ते सगळं आज कुणालाच सुचत नाही. ऑलिव्हर हार्टने आयुष्यभर याच अपुऱ्या करारांचा अभ्यास केला. २०१६ चं नोबेल त्याला आणि होल्मस्ट्रॉमला मिळून मिळालं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. अशा वेळी करारातलं कलम एवढंच सांगतं, की उशिराबद्दल दंड नाही. जनरेटर कोण देणार, अर्धवट उकडलेल्या बीचं काय करायचं, मजुरांना त्या आठवड्याचे पैसे कोण देणार, हे त्यात नसतं. ते त्या-त्या वेळी फोनवर ठरतं. आणि फोनवर काय ठरतं, ते आधीच्या वर्षभरात दोघं कसे वागले यावर अवलंबून.

जपानमधलं एक उदाहरण या विषयात आवर्जून सांगण्यासारखं आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला कारिया शहरातल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनत होता आणि टोयोटा साठा अगदी जेमतेम ठेवत असे. टोयोटाचे कारखाने थांबले. मग सुमारे दोनशे कंपन्या मदतीला धावल्या. त्यातल्या कित्येकांनी तो व्हॉल्व्ह आधी कधी बनवला नव्हता. शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही त्यात होती. आयसिनने व्हॉल्व्हचे नकाशे देऊन टाकले. दर किती, हक्क कुणाचा, याची घासाघीस आधी कुणी केली नाही. काही दिवसांतच गाड्या पुन्हा निघायला लागल्या. हा चांगुलपणा एका रात्रीत आला नव्हता. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कारखान्यात जाऊन अडचणी सोडवायची सवय होती, आणि आज केलेलं उद्या विसरलं जाणार नाही याची खात्री होती.

‘होऊन जाईल साहेब’

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडचा कारखानदार अडचण सांगत नाही. बॉयलर बंद पडलेला असतो, तरी फोनवर उत्तर असतं, ‘होऊन जाईल साहेब’. गणपतीच्या दिवसांत कामाला माणूस मिळत नाही हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी त्याच आठवड्यातली डिलिव्हरी कबूल केली जाते. पावसात माल सुकायला वेळ लागतो, दिवे जातात, घाटात दरड कोसळून गाडी अडकते. यातलं काहीही अचानक होत नाही, आणि तरीही पुण्याला ते कळतं ट्रक आला नाही तेव्हा.

याला काही जण कोकणी माणसाचा आळस म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ऑर्डर जाईल ही भीती असते, दंडाचं कलम असतं, थोडा भिडस्तपणा असतो. आणि सगळ्यात मोठं कारण, मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हा मिळालेली वागणूक. ज्याने पहिल्यांदा ‘चार दिवस उशीर होईल’ असं सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या, तो दुसऱ्यांदा का सांगेल? म्हणून ही जबाबदारी मी मोठ्या बाजूवर टाकतो. खरं बोलणं परवडेल अशी सोय शेठनेच करायला हवी, कारण गमावण्यासारखं लहान माणसाकडे जास्त असतं.

ती सोय करारातही करता येते. उशिराची सूचना सात दिवस आधी दिली तर दंड नाही. न कळवता उशीर केला तर पूर्ण दंड. एवढं एक कलम वागणं बदलतं. दर सोमवारी दहा मिनिटांचा फोन ठरवावा आणि त्यात ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नये, त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘या आठवड्यात काय अडेलसं वाटतं, दादा?’ असं विचारावं. हंगामाच्या आधी एकत्र बसून कॅलेंडर मांडावं: शिमगा, मे महिन्यातली लग्नसराई, पहिला पाऊस, गणपती, भातकापणी. या दिवसांत किती माल निघेल हे कारखानदाराला सांगू द्यावं आणि ते मान्य करावं.

आयटीवाले एका प्रकारच्या अहवालाला कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, आत लाल. सगळे आकडे ठरल्याप्रमाणे, आणि गिऱ्हाईक मात्र वैतागलेलं. असा अहवाल हातात पडला तर आकड्यांवर अजून आकडे मागू नयेत. स्वतः जाऊन कारखान्यात दिवसभर बसावं.

पैसे

यावर लांबण लावत नाही. वेळेवर पैसे देणं हाच विश्वासाचा सगळ्यात मोठा पुरावा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. करारात ९० दिवस लिहिले म्हणून ते चालत नाहीत. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही चाप लावला: मुदतीत न दिलेले पैसे खर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाहीत, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येतात. तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं.

हे सगळं मिळायला उद्यम नोंदणी हवी. ती काढून टाका असं कुणी गिऱ्हाईक सुचवत असेल, तर पुढच्या व्यवहाराबद्दल त्याने आधीच सगळं सांगितलं आहे.

मजुरीच्या बिलावर वाद झाला तर वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीची लगेच द्यावी. चाळीस किलोच्या भांडणासाठी चारशे साठ किलोची मजुरी अडवून ठेवणं, यासारखं नातं मोडणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

एकाच गिऱ्हाईकासाठी मशीन घेताना

शेठ म्हणतात, नायट्रोजन भरून पाऊच बंद करायचं मशीन घ्या, सगळं काम तुम्हालाच. कारखानदार कर्ज काढून मशीन घेतो, त्यात त्याच ब्रँडच्या मापाची डाय, म्हणजे साचा, बसवतो. सहा महिन्यांनी शेठ म्हणतात, दर कमी करा. आता मशीन दुसऱ्या कामाला येत नाही, हप्ता थांबत नाही, आणि नाही म्हणायची ताकद संपलेली असते. ऑलिव्हर विल्यमसनने, २००९ चं नोबेल ज्याला मिळालं त्याने, बाहेर दिलेल्या कामातला हा मोठा धोका म्हणून दाखवला. खास एकासाठी केलेली गुंतवणूक माणसाला त्याच्या हातात देते.

यावर मार्ग आहेत. डाय शेठनेच विकत घेऊन कारखान्यात ठेवावी; जीएसटी कायद्यात तशी मुभा आहे आणि डाय, साचे, हत्यारं यांना ती तीन वर्षांची मुदतही लागत नाही. किंवा मशीनचं कर्ज फिटेपर्यंत किमान इतका माल देईन, नाही दिला तर हप्त्याचा इतका वाटा उचलीन, असं लिहून द्यावं. धोका उलट बाजूनेही असतो. सगळा माल एकाच कारखान्यावर टाकलेला शेठही ऐन दिवाळीत अडवला जाऊ शकतो. त्याने थोडं काम दुसरीकडे ठेवलं तर पहिल्याने त्याचा राग धरू नये; फक्त ते लपवून ठेवलेलं नसावं.

कॉम्प्युटरवरच्या कामालाही हेच लागू, एक भर घालून. तिथे माल म्हणजे लोकांची माहिती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे काम बाहेर दिलं तरी जबाबदारी देणाऱ्याचीच राहते. तेव्हा सीए साहेबांनी पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि उद्या गळती झाली की चिपळूणच्या मुलीला दोष द्यायचा, हे चालणार नाही. तिला वेगळं लॉगिन, लागेल तेवढीच परवानगी, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी सांगायची मोकळीक, हे आधी द्यावं.

थांबायचं झालं तर

वेगळं कसं व्हायचं, हे सुरुवातीलाच लिहिलेलं बरं. पुढे संबंध राहणार नाही हे एकाला कळलं, की शेवटच्या दोन गाड्यांत गडबड होते. उतारा तिथेच घसरतो आणि बिलंही तिथेच अडकतात. म्हणून शेवटच्या गाडीलाही पहिल्या गाडीसारखीच नमुना कापणी करावी. ब्रँडचं नाव छापलेले उरलेले पाऊच मोजून परत द्यावेत किंवा दोघांसमोर नष्ट करावेत. डाय परत, चलनं जुळवून शिल्लक शून्य, राहिलेल्या मजुरीची तारीख ठरलेली. आणि नोटिशीची मुदत नुसती ‘तीस दिवस’ अशी लिहू नये. काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो; तेव्हा काम काढून घेतलं तर कारखान्याचं अख्खं वर्ष जातं. पुढच्या हंगामात काम द्यायचं नसेल तर ते डिसेंबरच्या आत कळवायचं, असं तारखेनिशी लिहावं, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक शोधायला कारखानदाराला निदान दोन महिने मिळतात.